लँडलाईन काढण्याआधी: इंटरनेट फोन, सिमचा टेबलफोन की नुसता मोबाइल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरी ओलांडलेले आई-वडील दोघंच घरी असतात. घरात तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाईन आहे आणि तिच्यात कायम खरखर असते. आता फायबर इंटरनेट आलंय. तर लँडलाईन काढून फोन राउटरला जोडावा, सिम टाकायचा टेबलफोन आणावा, की दोघांच्या हातात मोबाइल देऊन मोकळं व्हावं? नंबर तोच राहावा ही अट आणि आवाज स्वच्छ यावा ही अपेक्षा.

घरांत आणि छोट्या ऑफिसांत फोन बसवणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारा बहुतेक वेळा आवाजापासून सुरुवात करतो. खरं तर आवाजाची बाजू आता बऱ्यापैकी सुटलेली आहे. अडतं ते दोन गोष्टींपाशी: वीज आणि पत्ता. जुन्या लाईनवर या दोन्हींची काळजी एक्सचेंज घेत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. लाईन काढली की ही दोन्ही कामं तुमच्याकडे येतात. कुठलं यंत्र घ्यायचं, हे ती कामं कोण आणि कशी करणार यावरून ठरवा.

वीज म्हणजे काय ते आधी सांगतो. तांब्याच्या जोडीवरून एक्सचेंज सुमारे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा करत असतं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, करंट वाहू लागतो आणि तेवढ्यावरून एक्सचेंजला कळतं की फोन उचलला गेलाय. घंटी वाजवायची तेव्हा त्याच तारेवर साधारण ७५ ते ९० व्होल्टचा एसी सोडला जातो. हे सगळं एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवर चालतं, म्हणून घरातली वीज गेली तरी वायरवाला साधा फोन चालू राहतो. एक मात्र बघा: आई-वडिलांकडे आत्ता कॉर्डलेस असेल, तर त्याचा बेस घरातल्या विजेवर चालतो. म्हणजे वीज गेली की तो आजही बंदच पडत असणार, आणि जो फायदा गमवायची भीती वाटतेय तो त्यांना कधीच मिळत नव्हता.

पत्त्याचं तसंच. तांब्याची जोडी एकाच घरात येऊन संपते, त्यामुळे त्या नंबरवरून आपत्कालीन फोन गेला की तो कुठल्या घरातला आहे हे कंपनीच्या नोंदीत असतं. इंटरनेट फोनचा ॲडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी, मात्र जिथे इंटरनेट तिथे चालतो. तुम्ही तो उचलून दुसऱ्या गावी नेला तरी नंबर तोच राहतो, आणि मदत जुन्या पत्त्यावर पोचते. अमेरिकेत या कारणासाठीच एफसीसी या दूरसंचार नियामकाने २००५ साली इंटरनेट फोन देणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातलं की ग्राहकाचा प्रत्यक्ष पत्ता नोंदवून घ्यायचा आणि आपत्कालीन कॉलसोबत तो पुढे द्यायचा. तुमच्याकडे कंपनी हे करते का, हे जोडणी घेण्याआधी विचारा. शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या.

हे फक्त माझ्यासारख्या कारागिराचं खुसपट आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये तांब्याचं जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत गुंडाळायचं ठरलं होतं. ती मुदत पुढे जानेवारी २०२७ वर गेली. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे गळ्यात बटण घालून मदत मागायची यंत्रं वापरणारे वृद्ध आणि आजारी लोक. डिजिटल लाईनवर गेल्यावर ती यंत्रं चालतील याची खात्री करणं सोपं गेलं नाही. तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, आधीच सांगून ठेवलं होतं की ज्यांचा भरवसा लँडलाईनवरच आहे त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन फोन करता यावा अशी सोय कंपनीने द्यावी. माझ्या मते एक तास फारच कमी, पण निदान मोजायला एक आकडा आहे.

आता पर्याय. आधी इंटरनेट फोन, कारण तुमच्याकडे फायबर आहे आणि नंबर टिकवायचा आहे.

यातही दोन प्रकार आहेत आणि ते बहुधा एकत्र कालवले जातात. एक, फायबर देणाऱ्या कंपनीचीच फोनसेवा. घरात जी फायबरची पेटी लावतात, ज्याला ओएनटी म्हणतात, तिच्या मागे बऱ्याचदा फोनची पिन बसेल असं भोक असतं. जुना फोन तिथे लावला की झालं. यात कंपनी आवाजासाठी जाळ्यात वेगळी वाट ठेवू शकते, त्यामुळे घरात कुणी सिनेमा बघत असला तरी फोनवर सहसा परिणाम होत नाही. दुसरा, इंटरनेट एकाचं आणि फोनसेवा भलत्याच कंपनीची. त्यासाठी एक छोटा ॲडॅप्टर राउटरला जोडायचा. याची मजा अशी की इंटरनेट कंपनी बदलली तरी नंबर हलत नाही. पण बिघाड झाला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय अशी स्वतंत्र सेवा आणि तिला मिळणारे नंबर यांबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. वृद्धांच्या घरासाठी मी शक्यतो पहिला प्रकार सुचवतो. ज्याला सेटिंगमध्ये हात घालायची हौस आहे त्याने खुशाल दुसरा घ्यावा.

आवाजाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. टेलिफोनचा नेहमीचा डिजिटल आवाज म्हणजे जी.७११: सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, एकूण ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. इंटरनेटवरून आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो आणि प्रत्येक पाकिटावर पत्त्याचा मजकूर चढतो, तो धरून एका बाजूला ८० ते ९० केबीपीएस लागतात. आजच्या फायबरवर हे काहीच नाही. म्हणून 'फोनसाठी स्पीड किती हवा' हा प्रश्न आता विचारूच नका. विचारायचा प्रश्न आहे उशिराचा. बोललेलं समोरच्याच्या कानापर्यंत पोचायला १५० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. त्यापुढे गेलं की दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही गप्प होतात, मग पुन्हा एकदम बोलतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हा प्रकार भयंकर त्रास देतो.

हा उशीर सहसा बाहेर होत नाही, घरातच होतो. मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की अपलोडची वाट तुंबते आणि आवाजाची पाकिटं त्या रांगेत अडकतात. तपासायची माझी पद्धत अगदी साधी: एखादी जडशी फाइल अपलोडला लावायची आणि त्याच वेळी फोन करून दोन मिनिटं बोलायचं. आवाज तुटला तर राउटरमध्ये फोनच्या पाकिटांना अग्रक्रम द्यायची सोय शोधा, किंवा अपलोडला त्याच्या कमाल वेगाच्या थोडी खाली मर्यादा घाला. अपलोडचा वेग थोडा कमी होतो, फोन मात्र सुधारतो.

स्वतंत्र ॲडॅप्टर घेतलात तर काही दुखणी हमखास भेटतील. लक्षणं सांगून ठेवतो, म्हणजे कस्टमर केअरशी बोलताना तुमचा वेळ वाचेल. एका बाजूचाच आवाज येणं, बाहेरून येणाऱ्या फोनची घंटी न वाजणं, किंवा कॉल उचलल्यावर दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी तुटणं. हा ३२ सेकंदांचा प्रकार ऐकून लोक टॉवरला, हवामानाला, कशालाही दोष देतात. कारण निराळं असतं. कॉल जोडून देणारी जी एसआयपी नावाची पद्धत आहे, तिच्यात फोन उचलल्यानंतर पलीकडून एक पोच यायची असते. ती ३२ सेकंदांत आली नाही तर कॉल सोडून दिला जातो. पोच हरवते ती बहुतेक वेळा तुमच्याच राउटरमध्ये. बऱ्याच राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय चालू ठेवलेली असते. ती म्हणजे पाकीट फोडून आतल्या चिठ्ठीवरचा पत्ता आपल्या अकलेने दुरुस्त करणारा आगाऊ पोस्टमन. ती बंद करा. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

घंटी न वाजण्याचं आणखी एक कारण असतं. ॲडॅप्टर बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा राउटर एक दार उघडं ठेवतो, आणि काही वेळ शांतता राहिली की ते बंद करतो. काही राउटर अर्ध्या मिनिटातच बंद करतात. मग तुम्ही फोन लावलात तर लागतो, पण आलेला फोन दारातूनच परत जातो आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणून ॲडॅप्टरमध्ये 'कीप अलाइव्ह' असतं, म्हणजे ठरावीक वेळाने छोटा संदेश पाठवून दार उघडं ठेवायची सोय. ते चालू करून वीस सेकंदांच्या आसपास ठेवा. आई-वडिलांच्या घरी हाच बिघाड सगळ्यात वाईट, कारण तो त्यांच्या लक्षातच येत नाही. 'मुलं हल्ली फोन करत नाहीत' एवढंच त्यांना वाटतं.

बँकेच्या फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' चालत नसेल, तर दाबलेल्या बटणांचे सूर आवाजातूनच जात असणार आणि दाबून लहान केलेल्या आवाजात ते बिघडत असणार. सेटिंगमध्ये सूर आवाजापासून वेगळे पाठवायची पद्धत निवडा. जुन्या ॲडॅप्टरवर ती आरएफसी २८३३ या नावाने सापडते, नवी नोंद ४७३३ आहे, आणि काम दोन्हींचं एकच.

आता पुन्हा विजेकडे, कारण इथेच बहुतेक घरांत गडबड होते. राउटर, ओएनटी आणि ॲडॅप्टर मिळून साधारण २० वॅट घेतात असं धरू. प्रत्यक्ष आकडा त्यांच्या चार्जरवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमीच असतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात. वाया जाणारी वीज, बॅटरीचं वय आणि पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरली तर दोन-तीन तास मिळतील. संगणकाचा यूपीएस लावलात तर तो बॅटरीच्या डीसीचा आधी एसी करतो आणि मग चार्जर त्या एसीचा पुन्हा डीसी करतात, म्हणजे दोनदा वाया. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस बॅटरीतून थेट देतो आणि तेवढ्याच बॅटरीवर जास्त वेळ टिकतो. फक्त व्होल्टेज जुळवून घ्या. राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो, ॲडॅप्टर कधी १२ चा तर कधी ५ चा. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं होत नाही.

आणि यूपीएस लावण्याआधी एक गोष्ट तपासा. फायबरची तार थेट तुमच्या घरात येते का? थेट घरापर्यंत येणाऱ्या नेहमीच्या फायबर जाळ्यात एक्सचेंज आणि घर यांच्या मध्ये प्रकाश वाटून देणारे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागत नाही. म्हणजे घरातली बॅटरी चालू असेपर्यंत फोन चालू. पण कित्येक इमारतींत फायबर जिन्याखालच्या एका पेटीपर्यंतच येतं आणि तिथून घरोघरी साधी लॅन केबल जाते. त्या पेटीतला स्विच इमारतीच्या विजेवर असतो. इमारतीची वीज गेली की तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसतो. केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट येत असेल तर रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरांनाही वीज लागते. हे विचारून कळणार नाही, बघूनच कळतं.

दुसरा पर्याय सिमचा टेबलफोन. दिसायला नेहमीचा फोन, मोठी बटणं, आत सिम आणि बहुतेकांत छोटी बॅटरी. इंटरनेट नको, राउटर नको. वृद्धांना तो चटकन जमतो, कारण उचलायचा आणि बोलायचं, एवढंच. याच जातीची एक पेटीही मिळते: तिच्यात सिम घालायचं आणि मागच्या भोकात आपला जुना फोन जोडायचा. हाताला सवय झालेला फोन सोडवत नसेल तर ती चांगली.

इथे फसगत कुठे होते ते सांगतो. स्वस्तात मिळणारी बरीच जुनी यंत्रं फक्त टूजी किंवा थ्रीजीवर चालतात, आणि ती जाळी जगभर बंद होत चालली आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये झालं. ऑस्ट्रेलियात एक अडचण पुढे आली: काही हँडसेट नेहमीचा कॉल फोरजीवर करायचे, पण आपत्कालीन कॉलला गुपचूप थ्रीजीवर उतरायचे. अशा हँडसेटना जाळ्यावर येऊच द्यायचं नाही असं ठरवावं लागलं. म्हणून खोक्यावर नुसतं 'फोरजी' लिहिलंय यावर जाऊ नका. व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच आवाजाचा कॉल करायची सोय, आहे का, आणि तुम्ही जे सिम घालणार त्या कंपनीच्या जाळ्यावर त्या यंत्राचं व्होल्टी चालतं का, हे दुकानात सिम घालून, कॉल करून बघा. इंटरनेट चालतं पण आवाजाचा कॉल लागत नाही, अशी यंत्रं मी बरीच पाहिली आहेत.

रेंजचं काय, ते घरावर अवलंबून. काँक्रीटच्या भिंती, पत्रा आणि धातूचा थर असलेल्या काचा रेंज खातात. फोन जिथे ठेवायचा त्या जागेवर, दार-खिडक्या बंद करून, दोन-तीन कंपन्यांची सिम घालून बघा. खिडकीपाशी चार कांड्या आणि पलंगापाशी एक, असं नेहमी होतं. बाहेरचा अँटेना लावायची सोय असलेला फोन मिळाला तर तोच घ्या.

आता नंबराची अट. लँडलाईनचा नंबर दुसऱ्या लँडलाईन किंवा इंटरनेट फोन कंपनीकडे नेता येईल का, हे देशाच्या नियमांवर आहे. मोबाइलच्या सिमवर नेणं तर आणखी थोड्या ठिकाणी शक्य आहे. अमेरिकेत २००३ पासून येतं, अनेक देशांत येत नाही. येत नसेल तर नंबर इंटरनेट फोनवर ठेवून तिथून सिमवर कॉल फॉरवर्ड करा. एक पथ्य मात्र पाळा: जुनी लाईन आधी बंद करू नका. नंबर नेण्याची विनंती चालू लाईनवरच होते. लाईन बंद केलीत की नंबर सुटला, आणि सुटलेला नंबर परत मिळवणं म्हणजे नुसती ऑफिसांची फेरी. नंबर नव्या जागी वाजला की जुनी जोडणी बहुधा आपोआप संपते, तेही खातं तपासून बघा.

तिसरा पर्याय, नुसता मोबाइल. घरात रेंज नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा: तोच मोबाइल नंबर, फक्त कॉल टॉवरऐवजी तुमच्या राउटरवरून जातो. ही सोय कमी वापरली जाते, कारण ती सेटिंगमध्ये लपलेली असते. मेसेंजर ॲपवरचे कॉल हा लँडलाईनचा पर्याय धरू नका. गप्पांना ते छान, पण आपत्कालीन नंबर त्यावरून लावता येईल असं गृहीत धरता येत नाही. तुमच्या आई-वडिलांच्या बाबतीत मला मोबाइलची अडचण तंत्राची वाटत नाही. तो चार्ज करायचा राहतो, चुकून सायलेंट होतो, उशीखाली जातो. घराचा फोन ठरलेल्या जागी असतो, घरकाम करणाऱ्या बाईंनाही सापडतो, आणि दोघांपैकी कुणीही उचलतं. मोबाइल 'बाबांचा' असतो, मग तो वाजला तरी आई उचलत नाहीत. एक मधला मार्ग आहे: काही कॉर्डलेस फोनचे बेस ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतात. मोबाइल बेसजवळ चार्जिंगला ठेवायचा, आणि त्यावर आलेला कॉल घरातल्या सगळ्या हँडसेटवर वाजतो.

खोल्याखोल्यांत फोन हवे असतील तर घरातली जुनी वायरिंग वापरावीशी वाटेल. वापरता येते, पण बाहेरून येणारी एक्सचेंजची जोडी आधी प्रत्यक्ष काढून वेगळी करा. ॲडॅप्टर स्वतः लाईनला व्होल्टेज देतो. त्यात बाहेरचं ४८ व्होल्ट किंवा घंटीचा एसी घुसला की तो जळतो. आणि तुमच्या लाईनच्या खरखरीचं मूळ आधी शोधा: जिथे लाईन घरात शिरते त्या पहिल्या पेटीवर आतली वायरिंग सोडवून एक साधा वायरवाला फोन थेट लावून ऐका. खरखर गेली तर दोष घरातल्या वायरीत आहे, आणि तीच वायर ॲडॅप्टरला जोडलीत तर खरखरही सोबत येईल. अशा वेळी आतल्या वायरींचा नाद सोडून डेक्ट प्रकारचा कॉर्डलेस घ्या. त्याला १.९ गिगाहर्ट्झच्या आसपासची स्वतंत्र जागा मिळालेली आहे, त्यामुळे वायफायशी त्याची भांडणं होत नाहीत. जुने २.४ गिगाहर्ट्झचे कॉर्डलेस मात्र भांडतात.

गोल चकतीचा फोन कुणी जपून ठेवला असेल, तर बरेच ॲडॅप्टर चकतीची टिकटिक ओळखतच नाहीत. फोन येईल, करता येणार नाही. चोरांचा अलार्म, लिफ्टमधला फोन, फॅक्स, मदतीचं बटण, यांतलं काहीही जुन्या लाईनवर असेल तर त्या यंत्राच्या कंपनीला विचारल्याशिवाय लाईन हलवू नका. ही यंत्रं आपापल्या सुरांत बोलतात, आणि इंटरनेटवर ते सूर कधी पोचतात, कधी नाही. आणि एक राहिलं: आत्ताचं एखादं जुनं ब्रॉडबँड त्याच तांब्यावर येत असेल, तर फोन बंद करताना तेही जातं. तुमच्याकडे फायबर आहे, म्हणून ही काळजी तुम्हाला नाही.

आता तुमच्यापुरतं माझं मत. फायबर कंपनीचीच फोनसेवा घ्या आणि नंबर तिच्यावर न्या. ओएनटीला एक वायरवाला फोन, जिथे दोघं जास्त वेळ बसतात तिथे. हवा तर सोबत कॉर्डलेस, पण वायरवाला काढू नका, कारण बॅटरीवर तोच चालेल. ओएनटी आणि राउटरला डीसी यूपीएस. आणि पलंगाशेजारी सिमचा एक टेबलफोन, मोठ्या बटणांचा, ज्यात तुमचा आणि शेजाऱ्यांचा नंबर एका बटणावर. त्यातलं सिम फायबर कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं हवं. कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स या कंपनीचं जाळं कोसळलं, तेव्हा एक कोटीहून जास्त ग्राहकांचं इंटरनेट, मोबाइल आणि घरचा फोन एकदम गेला. घरात तीन तऱ्हेचे फोन असून उपयोग झाला नाही, कारण तिन्ही एकाच कंपनीचे होते. दोन फोन ठेवायचे तर दोघांच्या बंद पडण्याची कारणं वेगळी असायला हवीत.

हा सल्ला दोन परिस्थितींत बदलेल. वीज तासन्‌तास जात असेल तर सिमच्या फोनला मुख्य करा आणि फायबरवरच्याला दुय्यम, कारण टॉवरच्या बॅटऱ्या घरातल्या छोट्या यूपीएसपेक्षा सहसा जास्त टिकतात. आणि घरात कुठल्याच कंपनीची रेंज नसेल तर सिमचा फोन घेण्यात अर्थ नाही. ते पैसे मोठ्या बॅटरीवर घाला. तिथे तांब्याची लाईन अजून धड चालत असेल आणि कंपनी ती दुरुस्त करून देत असेल, तर मी ती काढायची घाईच करणार नाही.

स्वतंत्र ॲडॅप्टर लावणार असाल तर त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि परदेशी कॉल करायचे नसतील तर ते कंपनीकडून बंद करून घ्या. इंटरनेट फोन सहसा वापरतो त्या ५०६० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, सतत कुणी ना कुणी दार ठोठावत असतं. आत शिरला की तो रात्रीत महागड्या नंबरांवर कॉल करतो आणि बिल तुमच्या नावावर येतं.

बदलताना महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालू ठेवता आलं तर उत्तम. त्या काळात एकदा तुम्ही स्वतः तिथे असताना घराचा मेन स्विच बंद करा. बाहेरून मोबाइलवरून घरी फोन लावा, घरातून बाहेर लावा, आणि घड्याळ लावून बघा किती वेळ चालतं. फोन आईंना करू दे, तुम्ही हात लावू नका. अर्धा तास बोलून बघा. आपत्कालीन नंबर मात्र चाचणीसाठी लावू नका. त्याऐवजी पत्त्याची नोंद बरोबर आहे का, हे कंपनीला फोन करून वाचून दाखवायला सांगा. यूपीएसची साधी लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि दमल्याचं सांगत नाही. बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा, आणि शेजारीच कंपनीचा तक्रारीचा नंबर आणि तुमचा ग्राहक क्रमांक चिकटवून ठेवा. फोन बंद पडलेला असतो तेव्हाच या नंबराची गरज पडते, आणि तेव्हा तो मोबाइलमध्ये शोधायला आई-वडिलांना जमत नाही.